गरिबांच्या हातातील मोबाइल : अमेरिकेची ‘लाइफलाइन’ योजना

अमेरिकेत अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांना मोफत मोबाइल सेवा देणारी योजना लोकांच्या बोलण्यात ‘ओबामा फोन’ या नावाने रूढ झाली. या नावाइतके दिशाभूल करणारे दुसरे नाव शोधून सापडणार नाही. बराक ओबामा अध्यक्ष झाले २००९ मध्ये. ही योजना सुरू झाली त्याआधी चोवीस वर्षे, १९८५ मध्ये, रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत. मोबाइल फोनला तिच्यात स्थान मिळाले ते जॉर्ज बुश (धाकटे) यांच्या काळात. आणि नावात फोन असला, तरी या योजनेतून फोनच्या यंत्रासाठी सरकारी निधीतला एकही डॉलर खर्च होत नाही. निधीतून मिळते ते दरमहाच्या सेवेचे अनुदान. योजनेचे अधिकृत नाव आहे ‘लाइफलाइन’, म्हणजे जीवनदोरी. यंत्र एकदा घेता येते, पण दोरी दर महिन्याला तुटू न देणे हे खरे काम. योजनेचे यश आणि अपयश दोन्ही याच कसोटीवर पाहावे लागते.

मूळ लँडलाइनच्या काळातले

देशातील प्रत्येकाला परवडणाऱ्या दरात संपर्कसेवा मिळावी, हे तत्त्व अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यातच आहे. अनेक दशके ते पाळण्याची रीत सोपी होती. एटी अँड टी या कंपनीची दूरध्वनी क्षेत्रात जवळजवळ मक्तेदारी होती. लांब पल्ल्याचे कॉल महाग ठेवायचे आणि त्यातून आलेल्या पैशावर स्थानिक दूरध्वनी स्वस्त ठेवायचा, असा तो हिशेब होता.

१ जानेवारी १९८४ रोजी या कंपनीचे विभाजन झाले. लांब पल्ल्याची सेवा आणि स्थानिक सेवा वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेली. साहजिकच स्थानिक सेवेला मिळणारा आधार कमी होऊ लागला. तो भरून काढण्यासाठी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजेच एफसीसी, या नियामक आयोगाने प्रत्येक घरगुती दूरध्वनीवर मासिक शुल्क लावले. १९८५ मध्ये ते एक डॉलरपासून सुरू झाले, पुढे वाढत गेले. या शुल्कामुळे गरीब कुटुंबे दूरध्वनी काढून टाकतील, अशी भीती होती. त्यांना शुल्कात माफी देण्यासाठी त्याच वर्षी ‘लाइफलाइन’ अस्तित्वात आली. १९८७ मध्ये तिच्या जोडीला ‘लिंक अप’ आली. नवी जोडणी घेताना लागणाऱ्या शुल्कातील निम्मी रक्कम, कमाल ३० डॉलरपर्यंत, तिच्यातून मिळत असे.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने या व्यवस्थेला पक्के कायदेशीर अधिष्ठान दिले. सार्वत्रिक सेवा निधी उभा राहिला आणि त्याचा कारभार पाहण्यासाठी युनिव्हर्सल सर्व्हिस अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह कंपनी ही ना-नफा संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली. मात्र तोपर्यंत आणि पुढेही काही वर्षे, ‘लाइफलाइन’ म्हणजे घरच्या भिंतीवरचा किंवा टेबलावरचा दूरध्वनी, हे समीकरण कायम होते.

‘कतरिना’ आणि मोबाइलचा प्रवेश

ऑगस्ट २००५ मध्ये ‘कतरिना’ चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स आणि आखाताचा किनारा उद्ध्वस्त केला. लाखो लोक घरे सोडून अन्य राज्यांत विखुरले. ज्या घरात दूरध्वनी होता ते घरच राहिले नव्हते. हरवलेले नातेवाईक, मदतकार्यालये, नवे काम देणारे मालक या सर्वांशी संपर्क ठेवायचा तर फोन माणसाबरोबर हिंडणारा हवा, हे तेव्हा प्रकर्षाने जाणवले. त्याच वर्षी एफसीसीने वादळग्रस्तांसाठी तात्पुरती सोय म्हणून मोबाइलचा हॅण्डसेट व किमान ३०० मिनिटे यांसाठी निधी वापरण्यास परवानगी दिली. हॅण्डसेटला निधीतून पैसे मिळाल्याचे हे उदाहरण अपवादात्मक होते.

२००५ मध्येच आणखी एक निर्णय झाला, आणि तो अधिक दूरगामी ठरला. अनुदान घेणाऱ्या कंपनीकडे स्वतःचे काही जाळे असले पाहिजे, अशी कायद्यात अट होती. ट्रॅकफोन ही कंपनी इतरांच्या जाळ्यावरील वेळ घाऊक घेऊन प्रीपेड ग्राहकांना किरकोळीत विकत असे. तिच्या मालकीचा एकही टॉवर नव्हता. मेक्सिकोतील उद्योगपती कार्लोस स्लिम यांच्या अमेरिका मोव्हिल समूहातील या कंपनीला एफसीसीने त्या अटीतून सूट दिली. २००८ मध्ये ट्रॅकफोनने ‘सेफलिंक’ या नावाने मोफत मोबाइल सेवा सुरू केली. लवकरच व्हर्जिन मोबाइलची ‘अ‍ॅश्युरन्स वायरलेस’ स्पर्धेत उतरली. पुढे मालकी बदलली. ट्रॅकफोन २०२१ मध्ये व्हेरायझनने विकत घेतली, तर ‘अ‍ॅश्युरन्स’ टी-मोबाइलकडे आली.

सेवा मोफत कशी परवडते, हा प्रश्न येथे कुणालाही पडेल. कंपनीचे गणित सरळ होते. निधीतून दरमहा सुमारे दहा डॉलर मिळतात. तेवढ्या पैशांत बसतील इतकीच मिनिटे द्यायची आणि ग्राहकाकडून काहीच घ्यायचे नाही. बिल नाही, त्यामुळे वसुली नाही. साधा, पुष्कळदा वापरून दुरुस्त केलेला हॅण्डसेट कंपनी स्वतःच्या खर्चाने देते, कारण ग्राहक टिकला तर अनुदान दर महिन्याला येत राहते. मिनिटे संपली की ग्राहक जादा मिनिटे विकत घेईल, हीही आशा असतेच.

मिनिटांचा हिशेब

सुरुवातीच्या काळात ही मिनिटे फारच थोडी, काही राज्यांत महिन्याला साठ-सत्तर इतकीच, होती. भारतीय वाचकाने येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे २००३ पासून येणारा कॉल मोफत झाला. त्यामुळे ‘मिस्ड कॉल’ देऊन निरोप पोहोचवणे ही गरिबाची हक्काची युक्ती बनली. अमेरिकेत मात्र येणाऱ्या कॉलचीही मिनिटे मोजली जात. एखाद्या सरकारी कार्यालयाने किंवा दवाखान्याने पाऊण तास ताटकळत ठेवले, तर महिन्याचा बराचसा साठा त्यातच संपे. स्पर्धा वाढल्यावर ही मर्यादा अडीचशे मिनिटांपर्यंत गेली. २०१६ च्या सुधारणांनंतर किमान सेवेचे निकष ठरले. २०१८ च्या अखेरीस ते महिन्याला १,००० मिनिटे आणि २०२० च्या अखेरीस इंटरनेटसाठी ४.५ जीबी असे झाले.

अनुदानाची रक्कम मात्र २०१२ मध्ये दरमहा ९.२५ डॉलर ठरवण्यात आली, त्यानंतर ती वाढलेली नाही. केवळ बोलण्याची सेवा घेणाऱ्यांसाठी तर ती २०२० च्या अखेरीस ५.२५ डॉलरवर आणण्यात आली. मूळ अमेरिकी जमातींच्या भूमीवर राहणाऱ्या पात्र कुटुंबांना दरमहा २५ डॉलरपर्यंत जादा साहाय्य मिळते, कारण तेथे जाळे विरळ आणि सेवा महाग आहे.

पात्र कोण?

पात्रता ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला उत्पन्नाचा. कुटुंबाचे उत्पन्न संघराज्याच्या दारिद्र्य निकषाच्या १३५ टक्क्यांच्या आत असावे लागते. २०२४ च्या निकषानुसार चार जणांच्या कुटुंबासाठी ही मर्यादा वर्षाला ४२,१२० डॉलर होती. दुसरा मार्ग म्हणजे आधीच एखाद्या सरकारी योजनेचा लाभ मिळत असणे. अन्नसाहाय्याची ‘स्नॅप’ योजना, गरिबांसाठीची वैद्यकीय योजना ‘मेडिकेड’, वृद्ध व अपंगांसाठीचे ‘एसएसआय’ साहाय्य, सरकारी गृहनिर्माण साहाय्य आणि माजी सैनिकांचे किंवा त्यांच्या पश्चात कुटुंबीयांना मिळणारे गरजाधारित निवृत्तिवेतन या योजना त्यात येतात.

एका कुटुंबाला एकच जोडणी, हा सर्वांत महत्त्वाचा नियम. कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि उत्पन्न व खर्च वाटून घेणारी माणसे. त्यामुळे बेघरांच्या निवाऱ्यात एकाच पत्त्यावर राहणाऱ्या पन्नास जणांना, त्यांचे संसार वेगळे असतील तर, स्वतंत्र जोडण्या मिळू शकतात. उलट, एकाच घरातील नोकरी शोधणारा बाप आणि आजारी आई यांना मिळून एकच. २०२२ च्या ‘सेफ कनेक्शन्स’ कायद्याने कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडणाऱ्या आणि आर्थिक अडचणीत असलेल्या व्यक्तींना सहा महिन्यांपर्यंत या योजनेचा आधार देण्याची तरतूद केली. छळ करणाऱ्याच्याच नावावर कुटुंबाचे सर्व फोन असतील, तर सुटकेची पहिली पायरी म्हणजे स्वतःचा वेगळा क्रमांक, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र.

पैसा येतो कोठून?

‘आमच्या करातून फुकट फोन’ ही तक्रार अमेरिकेत सर्रास ऐकू येते. ती तांत्रिकदृष्ट्या अचूक नाही, पण अगदी निराधारही नाही. हा पैसा प्राप्तिकरातून किंवा वार्षिक अर्थसंकल्पातून येत नाही. दूरसंचार कंपन्यांना आंतरराज्य व आंतरराष्ट्रीय सेवेच्या महसुलातील ठरावीक हिस्सा सार्वत्रिक सेवा निधीत भरावा लागतो. हा हिस्सा एफसीसी दर तिमाहीला ठरवते आणि बहुतेक कंपन्या तो ग्राहकाच्या बिलात वेगळा आकार दाखवून वसूल करतात. म्हणजे शेवटी भार फोन वापरणाऱ्यावरच पडतो.

२००० च्या सुमारास हा हिस्सा सहा टक्क्यांच्या आसपास होता. २०२४ मध्ये तो ३२ ते ३६ टक्क्यांच्या दरम्यान गेला. याचे मुख्य कारण उधळपट्टीत शोधण्यापेक्षा महसुलात शोधावे लागेल. लांब पल्ल्याच्या कॉलचा महसूल आटत गेला आणि ज्या इंटरनेट सेवेकडे ग्राहक वळले तिच्या महसुलावर हा आकार नाही. शिवाय निधीचा वार्षिक खर्च आठ अब्ज डॉलरच्या घरात असला, तरी त्यातील मोठा भाग ग्रामीण भागातील कंपन्यांचे जाळे, शाळा व ग्रंथालये आणि ग्रामीण आरोग्यसेवा यांच्यासाठी असतो. ‘लाइफलाइन’चा खर्च २०२० ते २०२३ या काळात दरवर्षी एक अब्ज डॉलरच्या आत राहिला.

या निधीच्या घटनात्मकतेलाच आव्हान दिले गेले होते. कर लावण्याचा अधिकार संसदेचा, तो आयोगाकडे आणि आयोगाकडून एका खासगी संस्थेकडे कसा जाऊ शकतो, असा आक्षेप होता. २०२४ मध्ये एका संघराज्यीय अपील न्यायालयाने तो मान्य केला. मात्र जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निधी वैध ठरवला. निकाल उलटा लागता, तर लाखो गरिबांच्या जोडणीचा आधारच गेला असता.

टोपणनाव आणि गैरव्यवहार

मोबाइलचा प्रवेश झाल्यावर योजनेचा खर्च झपाट्याने वाढला. २००८ मध्ये सुमारे ८० कोटी डॉलर असलेला खर्च २०१२ मध्ये २.२ अब्ज डॉलरवर पोहोचला. हा काळ नेमका ओबामांच्या पहिल्या कारकिर्दीचा आणि मंदीचाही. २०१२ च्या निवडणुकीच्या तोंडावर क्लीव्हलंडमधील एका महिलेची ध्वनिचित्रफीत गाजली. ओबामांनी आम्हाला फोन दिला, असे ती सांगत होती. विरोधकांना आयते हत्यार मिळाले आणि टोपणनाव देशभर झाले.

गैरव्यवहार होते, यात शंका नाही. कंपन्यांचे दलाल रस्त्याच्या कडेला तंबू टाकून नोंदणी करीत. प्रत्येक नोंदणीमागे दलाली मिळत असल्याने कागदपत्रे पाहण्याची घाई कुणालाच नसे. एकाच घरात चार-चार फोन गेले. २०१२ मध्ये एफसीसीने नियम कडक केले, दुबार नावे पकडणारी राष्ट्रीय नोंदवही उभारण्याचे ठरवले आणि आदिवासी भूमी वगळता ‘लिंक अप’ बंद केली. तरीही २०१७ मध्ये संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने सुमारे ३५ लाख ग्राहकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यातील १२ लाख, म्हणजे ३६ टक्के ग्राहकांच्या पात्रतेची खातरजमा होऊ शकली नाही. हजारो मृतांची नावेही यादीत आढळली.

परंतु या गैरव्यवहाराचा लाभ कुणाला झाला, हे पाहणे आवश्यक आहे. अनुदान ग्राहकाच्या हातात पडत नाही. ते कंपनीच्या खात्यात जमा होते. स्प्रिंट या मोठ्या कंपनीने फोन वापरतच नसलेल्या सुमारे ८ लाख ८५ हजार ग्राहकांच्या नावे अनुदान घेतल्याचे २०१९ मध्ये एफसीसीने जाहीर केले. या प्रकरणी २०२० मध्ये २० कोटी डॉलर भरून तडजोड झाली. २०१९ मध्ये नोंदणीमागे दलाली देण्यावर बंदी आली. पात्रता तपासण्याचे काम कंपन्यांकडून काढून घेऊन २०१८ पासून टप्प्याटप्प्याने ‘नॅशनल व्हेरिफायर’ या मध्यवर्ती यंत्रणेकडे देण्यात आले.

दरवर्षी सिद्ध करायची गरिबी

चोर पकडण्यासाठी लावलेल्या जाळ्यात साव अडकतात, हा अनुभव जगभरचा. ‘लाइफलाइन’च्या ग्राहकाची पात्रता दरवर्षी नव्याने तपासली जाते. सरकारी नोंदींवरून ती आपोआप सिद्ध झाली तर ठीक. अन्यथा ग्राहकाला सूचना जाते आणि ६० दिवसांत उत्तर न आल्यास सेवा बंद होते. वारंवार घर बदलावे लागणाऱ्या, पत्रव्यवहाराची इंग्रजी न समजणाऱ्या किंवा रुग्णालयात पडून असलेल्या माणसाची गाठ येथेच पडते. मोफत सेवेचा फोन सलग ३० दिवस वापरला नाही, तर १५ दिवसांची सूचना देऊन नाव कमी केले जाते. अनुदान लाटणाऱ्या कंपन्यांना आळा घालण्यासाठी हा नियम योग्यच. पण केवळ अडीअडचणीसाठी फोन जपून ठेवणाऱ्या वृद्धालाही तो तसाच लागू पडतो.

क्रमांक गेला म्हणजे काय जाते? नोकरीच्या अर्जावर, शाळेच्या नोंदीत, दवाखान्याच्या कागदावर, घरमालकाकडे आणि बँकेत तोच क्रमांक दिलेला असतो. ओळख पटवण्याचा संकेतांकही त्याच क्रमांकावर येतो. रस्त्यावरचे सार्वजनिक दूरध्वनी आता जवळपास नाहीसे झाले आहेत. श्रीमंताचा फोन बंद पडला तर गैरसोय होते. रोजंदारीवरच्या माणसाचा बंद पडला तर उद्याच्या कामाचा निरोपच पोहोचत नाही.

यंत्राचा प्रश्नही अधूनमधून डोके वर काढतो. २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी थ्री-जी जाळी बंद केली, तेव्हा जुने हॅण्डसेट निकामी झाले. निधीतून यंत्राला पैसे मिळत नसल्याने नवा हॅण्डसेट मिळणे न मिळणे कंपनीच्या मर्जीवर राहिले.

या सर्वांचा परिणाम असा, की गेल्या दशकाच्या उत्तरार्धात पात्र कुटुंबांपैकी साधारण चौथा हिस्साच प्रत्यक्षात योजनेत होता. वृत्तपत्रांत चर्चा झाली ती अपात्रांना मिळाल्याची; पात्रांपैकी बहुसंख्यांना मिळालेच नाही, ही बाब दुर्लक्षित राहिली.

इंटरनेटचा अल्पजीवी आधार

करोनाच्या काळात शाळा, डॉक्टर आणि रोजगार सारेच इंटरनेटवर गेले. तेव्हा मे २०२१ मध्ये दरमहा ५० डॉलरपर्यंतची आपत्कालीन सवलत सुरू झाली. तिची जागा वर्षाअखेरीस ‘अ‍ॅफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ने घेतली. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने त्यासाठी १४.२ अब्ज डॉलर दिले. महिन्याला ३० डॉलर, आदिवासी भूमीवर ७५ डॉलर अशी सवलत होती आणि २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबे तिच्यात सामील झाली. अनेकांनी ती ‘लाइफलाइन’ला जोडून घेतली.

परंतु ही रक्कम एकदाच मंजूर झालेली होती. ती संपत आल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी नोंदणी थांबली. संसदेने नवा पैसा दिला नाही आणि १ जून २०२४ रोजी योजना संपुष्टात आली. ‘लाइफलाइन’ तुटपुंजी असूनही टिकली, कारण तिच्या मागे सतत भरणारा निधी आहे. मोठी योजना अडीच वर्षांत संपली, लहान योजना चाळीस वर्षे चालली. मदतीच्या आकाराइतकेच तिचे सातत्य महत्त्वाचे असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

आपल्याकडचा उलटा प्रवास

भारतातही असा निधी आहे. २००२ मध्ये स्थापन झालेल्या सार्वत्रिक सेवा दायित्व निधीत दूरसंचार कंपन्या समायोजित महसुलाच्या पाच टक्के भरतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. मात्र हा पैसा प्रामुख्याने दुर्गम भागातील टॉवर आणि ‘भारतनेट’च्या तारा यांच्यावर खर्च झाला आहे. गरीब ग्राहकाच्या मासिक खर्चाला थेट आधार देण्याची अमेरिकी पद्धत आपण स्वीकारलेली नाही.

याउलट आपल्या राज्य सरकारांना मोह पडला तो यंत्रे वाटण्याचा. छत्तीसगडमध्ये २०१८ मध्ये संचार क्रांती योजनेखाली, तर राजस्थानात ऑगस्ट २०२३ पासून इंदिरा गांधी स्मार्टफोन योजनेखाली महिलांना स्मार्टफोन देण्यात आले. दोन्ही योजना निवडणुकीच्या वर्षातल्या, आणि दोन्ही ठिकाणी सत्तांतरानंतर वाटप थांबले. दरम्यान, २०१८ च्या अखेरीपासून खासगी कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. येणारा कॉल मोफत राहिला, पण रिचार्ज न केल्यास काही काळाने तोही बंद होतो. ‘मिस्ड कॉल’वर भागवणाऱ्या माणसाची युक्ती त्याबरोबर संपली.

अमेरिकेची योजना निर्दोष नाही, हे वर दिसलेच. रक्कम अपुरी आहे, कागदपत्रांचा जाच आहे आणि कंपन्यांच्या लबाडीचा इतिहास आहे. तरीही तिने एक प्रश्न अचूक ओळखला. गरीब माणसाला फोन मिळवणे जितके अवघड, त्याहून तो पुढच्या महिन्यात चालू ठेवणे अवघड असते. वाटलेल्या यंत्रांची छायाचित्रे छापून येतात; चालू राहिलेल्या क्रमांकाची बातमी कधी होत नाही. योजना आखणाऱ्यांनी विचार करायचा तो या दुसऱ्या गोष्टीचा.

‘लाइफलाइन’ दृष्टिक्षेपात

१९८५ : लँडलाइनच्या मासिक शुल्कात सवलत म्हणून सुरुवात.
१९९६ : दूरसंचार कायद्याने सार्वत्रिक सेवा निधीला अधिष्ठान.
२००५ : स्वतःचे जाळे नसलेल्या प्रीपेड मोबाइल कंपनीस सूट.
२००८ : ‘सेफलिंक’ मोफत मोबाइल सेवेचा आरंभ.
२०१२ : कडक नियम, अनुदान दरमहा ९.२५ डॉलर.
२०१६ : इंटरनेट सेवेचा समावेश, किमान सेवेचे निकष.
२०२४ : पूरक इंटरनेट सवलत योजना निधीअभावी समाप्त.
२०२५ : सार्वत्रिक सेवा निधी वैध असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल.